तोंडातले टाके: धागा, सुई आणि गाठ

सुईदोरा
अक्कलदाढेच्या धाग्यावर (फोरमवरच्या आधीच्या चर्चेत) टाक्यांवरून गाडी जी घसरली ती पुन्हा रुळावर येईना, म्हणून हा वेगळा धागा. (धाग्यावर धागा ही कोटी मीच करून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला करावी लागणार नाही.) इंटर्न आणि नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेले बरेच जण इथे वाचतात असं दिसतं, त्यामुळे जरा सविस्तर.

धाग्याच्या आधी एक परीक्षा. फ्लॅप, म्हणजे हाडावरून उचललेला हिरडीचा पदर, परत जागेवर बसवा, बोटाने धरा आणि बोट काढा. तो तिथेच पडून राहिला तर कुठलाही धागा चालेल. मागे सरकला तर कुठलाच चालणार नाही. गाठ आवळून बळेच ओढून आणलेली हिरडी चौथ्या-पाचव्या दिवशी धाग्यावरच चिरते आणि पेशंट 'टाका तुटला' म्हणून येतो. बघावं तर धागा अखंड असतो, फाटलेली असते हिरडी.

आता धागे.

काळं सिल्क, ३-०. कॉलेजात सगळ्यांचा हात यावरच बसतो. मऊ, गाठ घातली की बसते, टोकं गालाला टोचत नाहीत, काढताना चटकन दिसतं आणि स्वस्त. दोष एकच पण मोठा. बारीक तंतू विणून केलेला धागा असल्याने तो समईच्या वातीसारखा लाळ आत ओढतो, लाळेबरोबर जंतूही. मेण किंवा सिलिकॉन चढवलेलं असतं, तरी वात ती वातच. ७ दिवसांनी काढायचं. दहा-बारा दिवस राहिलं की भोकाभोवती लाल कड, वर पांढरा थर आणि वास.

कॅटगट. मांजराशी काही संबंध नाही, मेंढ्या-गुरांच्या आतड्यापासून करतात. पाकिटावर क्रोमिकची ताकद २१ ते २८ दिवस असं वाचून फसू नका, तो आकडा शरीराच्या आतला. लाळेत साधं कॅटगट ३ ते ५ दिवस, क्रोमिक ७ ते १० दिवस. हे एन्झाइमने पचतं, त्यामुळे जिथे पू किंवा सूज आहे तिथे आणखी लवकर संपतं, म्हणजे नेमकं गरज असते तिथेच दगा देतं. आणखी एक: ते पाकिटात अल्कोहोलच्या द्रवात ओलं असतं. आधीच फोडून ट्रेवर ठेवलं तर वाळून कडक होतं आणि दुसऱ्या गाठीला तुटतं. सुई हातात घ्यायच्या क्षणी फोडा.

व्हिक्रिल, म्हणजे पॉलिग्लॅक्टिन ९१०. हेही विणलेलंच, पण पचत नाही, पाण्याने विघटन होऊन सुटतं, त्यामुळे वेळेचा अंदाज बांधता येतो. १४ दिवसांनी साधारण ७५ टक्के ताकद, २१ दिवसांनी ५० टक्के, पूर्ण शोषण ५६ ते ७० दिवसांत. रॅपिड हा त्याचाच प्रकार, गॅमा किरणांनी मुद्दाम कमकुवत केलेला: ५ दिवसांत ताकद निम्मी, १० ते १४ दिवसांत शून्य. हिरडीला दोन आठवड्यांनंतर टाक्याची गरज नसते, त्यामुळे तोंडासाठी रॅपिडचं गणित बरोबर बसतं. साधं व्हिक्रिल खोलवरच्या थरांसाठी ठेवा.

नायलॉन आणि प्रोलीन तोंडात शक्यतो नको. एकतंतू असल्याने वातीचा त्रास नाही, पण धागा स्प्रिंगसारखा मूळ आकाराकडे जातो, गाठ सुटते आणि कापलेली टोकं जिभेला कुसळासारखी टोचतात. ते चेहऱ्याच्या कातडीसाठी.

जाडी: शून्यं वाढली की धागा बारीक. ३-० म्हणजे ०.२० ते ०.२४९ मिमी, ४-० म्हणजे ०.१५ ते ०.१९९, ५-० म्हणजे ०.१० ते ०.१४९. हिरडीला ३-० किंवा ४-०.

वाकडी_सुई
उत्तम सुरुवात. पण सुईबद्दल एकही ओळ नाही, आणि नवशिक्यांची निम्मी फाटाफाट सुईमुळेच होते.

फॉइलवर सुईचं चित्र छापलेलं असतं, ते वाचायची सवय लावा. तोंडासाठी ३/८ वर्तुळाची, १६ ते २० मिमी लांबीची रिव्हर्स कटिंग. साध्या कटिंग सुईची तिसरी धार आतल्या, म्हणजे पोकळ बाजूला असते. सुई वर येताना ती धार जखमेच्या काठाकडे कापत येते, आणि धागा ताणला की तिथूनच हिरडी फाटते. रिव्हर्स कटिंगची धार बाहेरच्या बाजूला, काठाकडे सपाट पाठ येते, त्यामुळे धाग्याला टेकायला अखंड जागा मिळते. मागच्या दाढेपाशी हात फिरायला जागा नसेल तर १/२ वर्तुळाची सुई घ्या, ती कमी जागेत वळते.

सुई टोकापासून दोन तृतीयांश अंतरावर धरायची. धागा जिथे जोडलेला असतो तो भाग पोकळ असतो, तिथे धरलं की सुई चपटी होते किंवा मोडते. टोकाला धरलं की धार गेली. आत शिरताना काटकोनात शिरायचं आणि मनगट फिरवायचं. सुई पुढे ढकलली की ती वाकते, आणि वाकलेली सुई सरळ करून वापरली की हमखास मोडते.

मोडलीच तर: पेशंटला तोंड तसंच उघडं ठेवायला सांगायचं, नजर हलवायची नाही, टोक दिसत असेल तर आर्टरी फोर्सेप्सने (घट्ट पकडीच्या चिमट्याने) लगेच पकडायचं. दिसेनासं झालं तर खोदाखोद न करता आधी दोन वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे. घशापाशी गॉजचा पडदा घालून ठेवण्याची सवय अशा वेळी कामी येते.

अडीच_दात
इंटर्न आहे. दोन प्रश्न. काठापासून किती अंतरावर टाका घ्यायचा? आणि माझी सिल्कची गाठ व्यवस्थित दिसते पण दुसऱ्या दिवशी सैल का होते?

सुईदोरा
अंतर: काठापासून ३ मिमी, दोन टाक्यांमध्ये ३ ते ५ मिमी. दोन दातांमधल्या पॅपिलात (हिरडीच्या टोकदार भागात) इतकी जागा नसते, तिथे पॅपिलाच्या टोकात न घेता बुडाशी घ्या.

गाठ सैल होते कारण ती बहुतेक 'ग्रॅनी' गाठ आहे. सावकाश बघा. लांब टोक सुईकडचं, आखूड टोक २-३ सेंटीमीटर ठेवायचं. नीडल होल्डर (सुई धरायचा चिमटा) दोन्ही टोकांच्या मध्ये, जखमेच्या वर आडवा धरायचा. लांब टोकाचे त्यावर दोन वेढे, आखूड टोक पकडून ओढायचं, आणि ओढताना हात एकमेकांना ओलांडून जायला हवेत: आखूड टोक पलीकडच्या बाजूला जातं. आता होल्डर पुन्हा मध्ये, पण यावेळी लांब टोक उलट दिशेने एकदाच गुंडाळायचं आणि आखूड टोक परत अलीकडे आणायचं. दोन्ही वेळा एकाच दिशेने गुंडाळलं की ग्रॅनी. ओळखायची खूण सोपी आहे: बरोबर गाठीची टोकं टाक्याच्या रेषेत झोपतात, ग्रॅनीची आडवी उभी राहतात.

सिल्कला २-१ वेढे पुरतात, तरी तिसरा घातला तर बिघडत नाही. व्हिक्रिलला २-१-१, नायलॉनला २-१-१-१. गाठ चिरेवर बसू देऊ नका, एका बाजूला सरकवा. टोकं ३ मिमी ठेवा. त्याहून आखूड ठेवली तर गाठ सुटायची भीती, लांब ठेवली तर जीभ दिवसभर तिथेच.

आणि किती आवळायचं? काठ एकमेकांना टेकले की थांबा. हिरडी पांढरी पडली म्हणजे रक्तपुरवठा आवळला. पुढच्या दोन दिवसांत तिथे सूज येणार आहे, ती उरलेलं आवळून घेते.

आजोळचा_डॉक्टर
@अडीच_दात, एकतंतू धाग्याच्या ज्या भागाची गाठ होणार आहे तो होल्डरमध्ये पकडू नकोस. चिमटलेल्या जागी धागा चपटतो आणि तिथेच तुटतो.

आता सुईदोरांशी थोडं भांडण. सिल्कला तुम्ही जरा लवकर निकालात काढलंत. रॅपिड घातलं की पेशंट गायब, हे तालुक्याच्या गावी सगळ्यांना ठाऊक आहे. सिल्क असलं की टाके काढायला तरी सातव्या दिवशी येतो, आणि त्या पाच मिनिटांत जखम बघायला मिळते: दाढेमागे अन्न अडकतंय का, बधिरपणा राहिलाय का, तोंड किती उघडतंय.

सुईदोरा
मान्य, पण अर्धंच. जो येणार नाही त्याच्या तोंडात सिल्क महिनाभर राहतं, ते जास्त वाईट. ऊस तोडणीवर जाणारा, ट्रक चालवणारा, परगावी परीक्षा असलेला, लहान मूल, अशांना विरघळणारंच. बाकीच्यांना तुमचं म्हणणं लागू.

खर्रा_विरोधक
विदर्भातून एक मुद्दा. गुटखा-खर्ऱ्यामुळे सबम्यूकस फायब्रोसिस (तोंडाचं अस्तर ताठ होण्याचा आजार) झालेल्या तोंडात वर सांगितलेली कुठलीच अंतरं चालत नाहीत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तोंडं मात्र अजून तशीच येतात. गालाचं आतलं अस्तर पांढरटलेलं, चामड्यासारखं ताठ, त्याला लवचीकपणा नाही. ३ मिमीचा टाका ओढला की ऊती ताणली न जाता सरळ फाटते. इथे ४ ते ५ मिमीचा घास (काठापासून सुई शिरते ते अंतर) घ्यायचा, गाठ अगदी हलकी, आणि गालाकडून फ्लॅप ताणून आणायचा विचारच सोडायचा. तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडत असेल तर १/२ वर्तुळाची छोटी सुई आणि लांब नीडल होल्डर. आणि टाके घालता येणार नाहीत असं आधीच दिसत असेल तर तशी दाढ खुर्चीत काढायला घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

अक्कल_उशिरा
अडकलेल्या खालच्या अक्कलदाढेनंतर टाके कुठून सुरू करायचे, यावर प्रत्येक सर वेगळं सांगतात. कोणी क्रम सांगेल का?

वाकडी_सुई
पहिला टाका दुसऱ्या दाढेच्या लगेच मागे. तो कोपरा बसला की बाकीचा फ्लॅप आपोआप जागेवर येतो, आणि तो सैल राहिला तर दुसऱ्या दाढेमागे कायमचा खिसा होतो.

पण सुई हातात घ्यायच्या आधी फ्लॅप उचलून खाली बघा. सलाईनने भरपूर धुवा, हाडाची टोकदार कड फाइलने मारा. फ्लॅपच्या बुडाशी, जिथे नजर जात नाही तिथे, बरने (ड्रिलच्या पात्याने) उडालेला हाडाचा भुगा साठतो. तो राहिला की पेशंट दोन-चार आठवड्यांनी, जखम वरून छान भरलेली असताना, गालात गाठ घेऊन येतो. तो दोष टाक्यांवर ढकलला जातो.

सुई गालाकडून शिरते आणि जिभेकडे निघते, म्हणजे सुट्या बाजूकडून घट्ट बाजूकडे. गालाकडे ३ मिमीचा पूर्ण जाडीचा घास. जिभेकडे मात्र फक्त वरचा थर, सुईचं टोक सतत दिसत राहील इतकाच. लिंग्वल नर्व्ह (जिभेची नस) इथे हाडाच्या आतल्या भिंतीला चिकटून जाते आणि काही जणांत भिंतीच्या कडेइतकी वर असते. खोल घास घेऊन ती गाठीत सापडली तर जिभेची ती बाजू बधिर. टाके घालण्यात याहून महाग चूक नाही.

मग मागच्या चिरेवर एक टाका. पुढची उभी चीर बरेच जण मोकळी ठेवतात किंवा एकच सैल टाका घालतात. रक्त आणि पाणी निघायला वाट हवी. सगळं हवाबंद शिवलं की दुसऱ्या दिवशी गाल दुप्पट.

अक्कल_उशिरा
धन्यवाद! साध्या एक्स्ट्रॅक्शननंतरही टाका घालावा का?

आजोळचा_डॉक्टर
एका दाताच्या साध्या सॉकेटला (दात निघाल्यावरच्या खड्ड्याला) बहुतेक वेळा नको. बोटाने दाबायचं, गॉज चावायला द्यायचा, बस. पेशंट वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमेरॉलवर (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर) असेल तर मात्र घालाच. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, २४ तासांच्या आतला आयएनआर (रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा) बघायचा, सॉकेटमध्ये जिलेटिन स्पंज किंवा ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज ठेवायचं आणि वरून आठच्या आकड्याचा टाका.

तो असा: सुई गालाकडच्या मागच्या पॅपिलातून आत, जिभेकडच्या मागच्या बाजूने बाहेर. धागा सॉकेटवरून तिरका आणून गालाकडच्या पुढच्या पॅपिलात आत, जिभेकडे पुढे बाहेर. मग पुन्हा तिरका परत येऊन सुरुवातीच्या टोकाशी गाठ. सॉकेटवर फुली दिसली पाहिजे, ती फुलीच आतला स्पंज धरते. गाठीनंतर गॉजवर २० ते ३० मिनिटं दाब, आणि पेशंटला लगेच घरी पाठवायचं नाही.

साइनसवाला
वरच्या दाढेत सॉकेटमधून साइनसला (दाढांच्या वरच्या हाडातल्या हवेच्या पोकळीला) भोक पडलं तर याच टाक्यावर भागतं का, हा पुढचा प्रश्न येणारच म्हणून आधीच लिहितो. २ मिमीपर्यंत काही करू नका, गुठळी टिकली की बंद होतं. २ ते ६ मिमीला जिलेटिन स्पंज आणि वर आठचा टाका, दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून, स्ट्रॉ आणि सिगारेट बंद. ७ मिमी आणि पुढे फ्लॅप.

सुईदोरांची बोट काढून बघायची परीक्षा इथेच खरी कसाला लागते. गालाकडचा फ्लॅप टाळूपर्यंत आणायचा असतो आणि तो येत नाही, कारण पेरिऑस्टियम (फ्लॅपच्या आतल्या बाजूचं, हाडाला चिकटणारं अस्तर) ताणलं जात नाही. फ्लॅप उलटा करून बुडाजवळ, आतल्या बाजूने, १५ नंबरच्या ब्लेडने पेरिऑस्टियमवर एकच आडवी चीर द्यायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जेमतेम १ मिमी खोल. चीर पूर्ण झाली की फ्लॅप हातात ढिला पडतो, ते बोटांना कळतं. खोल गेलात तर रक्त आणि सूज, आणि ब्लेड आरपार गेलं तर फ्लॅपला भोक. खालच्या जबड्यात प्रीमोलरपाशी (लहान दाढांपाशी) हे करताना मेंटल नर्व्ह (खालच्या ओठाची नस) आधी शोधा, मगच ब्लेड.

टाके हाडाच्या आधारावर यायला हवेत, भोकाच्या वर नव्हे. मध्ये आडवे मॅट्रेस टाके, काठाला साधे सुटे. मॅट्रेसने काठ बाहेर वळतात आणि कच्ची बाजू कच्च्या बाजूला रुंद टेकते. इथे टाके ७ दिवसांत काढायची घाई नको, १० ते १४ दिवस.

टायटॅनियम
इम्प्लांट (हाडात बसवायचं दाताचं कृत्रिम मूळ) आणि मेम्ब्रेनवाल्यांकडून (हाडावर पडदा घालणाऱ्यांकडून) भर: पीटीएफईचा धागा. एकतंतू असूनही मऊ, लाळ शोषत नाही, दोन-तीन आठवडे ठेवलं तरी भोकाभोवती हिरडी शांत. महाग आहे आणि निसरडं आहे, त्यामुळे एक-दोन वेढे जास्त घाला. दात नसलेल्या लांब रिजवर (जबड्याच्या कडेवर) सलग लॉकिंग टाका पटकन होतो, पण एका जागी तुटला की सगळा उसवतो. मी त्यात दर चार-पाच घासांनंतर एक सुटा टाका घालायला सांगते.

फक्त_वाचक
मी डॉक्टर नाही. 'विरघळणारे' म्हटलेले टाके दोन आठवड्यांनी तसेच दिसत असतील तर? आणि एखादा आधीच गळून पडला तर?

सुईदोरा
घाबरायचं कारण नाही. साधं व्हिक्रिल तोंडात तीन-चार आठवडेही लोंबकळतं. त्रास होत असेल तर क्लिनिकमध्ये अर्ध्या मिनिटात काढून देतात. घरी नेलकटरने कापू नका आणि ओढू तर मुळीच नका. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर एखादा गळला आणि रक्त नाही, जखम उघडलेली नाही, तर काही करायचं नसतं. पहिल्या दोन दिवसांत सुटला, किंवा रक्त थांबत नाही, दुखणं तिसऱ्या दिवसानंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, पू किंवा ताप आहे, तर त्याच दिवशी दाखवा.

वाकडी_सुई
ओठ राहिला. दुचाकीवरून पडून ओठ आरपार फाटलेला असतो तेव्हा क्रम चुकला की आयुष्यभर दिसतो.

ओठाच्या लाल भागाची आणि कातडीची सीमा आधी पेनाने खूण करा, भूल देण्याच्या आधी. भूल ओठात टोचली की तो फुगतो आणि रेषा हरवते, म्हणून वरच्या ओठाला इन्फ्राऑर्बिटल, खालच्याला मेंटल ब्लॉक (नसेपाशी दिलेली भूल). दाताचा तुकडा तुटलेला असेल आणि सापडत नसेल तर तो ओठात असू शकतो, एक्स-रे काढा. मग आतलं अस्तर शिवून तोंड बंद करा, बाहेरून जखम पुन्हा धुवा, स्नायू ४-० व्हिक्रिलने, आणि कातडीचा पहिला टाका बरोबर त्या सीमेवर. तिथे १ मिमीची पायरीही समोरच्याला दिसते. बाकी कातडी ५-० किंवा ६-० नायलॉन, टाके ५ दिवसांनी काढायचे, नाहीतर शिडीसारखे वण उठतात.

जिभेला मात्र वरवरचे टाके घालू नका. ती सतत हलते, वरवरचे टाके जेवणाच्या आत सुटतात. स्नायूसकट खोल घास, ३-० व्हिक्रिल, वेढे जास्त.

अडीच_दात
टाके काढताना काही चुकतं का? ते तर सोपं आहे ना?

आजोळचा_डॉक्टर
सोपं आहे म्हणूनच चुकतं. आधी क्लोरहेक्सिडिनने (जंतुनाशकाने) पुसून थर काढ. गाठ चिमट्याने उचल, म्हणजे हिरडीत बुडालेला स्वच्छ धागा दोन मिमी वर येतो. तिथे, हिरडीला लागून, एकाच बाजूला काप आणि गाठीकडून ओढ. मधोमध कापलं तर सात दिवस लाळेत भिजलेला धागा भोकातून ओढत नेला जातो. दोन्ही बाजूंना कापलं तर मधला तुकडा आत राहतो. किती घातले ते केस पेपरवर लिहिलेलं असावं, किती निघाले ते मोजावं. एक राहिला तर तो महिन्याभराने छोट्या फोडासारखा दिसतो.

आणि सुई. टाके झाल्यावर होल्डरमध्ये सुई तशीच ठेवून ट्रे उचलायला देणं बंद करा. मावशींच्या बोटात जाते ती हीच. ज्याने शिवलं त्यानेच ती पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाकायची. टोचलीच तर बोट पिळत बसायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, पेशंटला जाऊ न देता त्याची तपासणी करून घ्यायची आणि शक्यतो २ तासांत सरकारी रुग्णालय गाठायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नसतो.

अडीच_दात
नोंद घेतली. आजपासून गॉजच्या घडीवर गाठींचा सराव. केळ्याच्या सालीवर जमेल का?

वाकडी_सुई
केळ्याची साल छान. गाठ जास्त आवळलीस की लगेच फाटते, त्यामुळे शिकवतेही तीच.